वाकडं अंगण

भिंगरीला आयुष्यात कशाकशाचा वैताग आला ते सांगत बसलं तर आपली अख्खी संध्याकाळ जाईल. पुरुषांच्या संघाचे उतरलेले शर्ट, क्लबाचे साहेब, सकाळी न वाकणारा गुडघा, आणि 'अगंबाई, अजून खेळतेस?' म्हणून हनुवटीवर बोट ठेवणाऱ्या शेजारणी. पण पहिला मान कुणाचा, तर खड्ड्याचा.

क्लबाच्या मैदानावर, शेडच्या बाजूच्या गोलसमोर, डाव्या खांबाच्या थोडं अलीकडे हा खड्डा होता. खड्डा म्हणजे काही विहीर नव्हे. बघणाऱ्याला तो दिसायचाही नाही, कारण वर गवत असायचं. पाय पडला की मगच कळायचं, आणि तोवर उशीर झालेला असायचा. खाली कधीकाळचं एक गटार होतं, त्यावरची माती दरवर्षी बसायची. 'बुजवा हो तो खड्डा!' असं भिंगरीनं चांगलं तपभर ओरडून सांगितलं. भिंतीला सांगितलं असतं तर भिंत हलली असती.

भिंगरी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती चालायला लागली तीच मुळी पळत, म्हणून आई म्हणाली, "या कार्टीच्या पायाला भिंगरी बांधलीय." झालं, चिकटलं. आता पस्तिशी आली, सकाळी पलंगावरून उतरल्यावर भिंत धरून मोरीपर्यंत जावं लागत होतं, तरी जो तो आपला भिंगरी, भिंगरी. तिनं एकदा नव्या मुलींना दटावून सांगितलं की मला ताई म्हणा. त्या भिंगरीताई म्हणायला लागल्या. बसा आता!

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, तिथं ती वाढली. पुढच्या खोलीत आईचं शिवणयंत्र दिवसभर खडखडायचं आणि खाली गल्लीत दादा आणि त्याची टोळी फुटबॉल खेळायची. धाकटी बहीण मागे लागली म्हणून दादानं तिला गोलकीपर केलं. का, तर मुलगी आहे, एका जागी गुमान उभी राहील. वा रे वा! कुणाबद्दल बोलतोय हा? पहिला बॉल हातात आला तो तिनं खाली टाकला, सगळ्या टोळीला चकवत पलीकडे नेला आणि समोरच्या गोलात घातला.

"अगं ए, तू गोलकीपर आहेस!" दादा किंचाळला.

"मग मला फॉरवर्ड करा," ती म्हणाली. केलं त्यांनी. तेव्हापासून ती फॉरवर्ड.

पुढे निवड चाचण्या झाल्या आणि पहिला क्लब मिळाला. तो दोनतीन वर्षांत बुडाला. बुडाला असं कुणी म्हणालं नाही. म्हणाले, 'महिला संघाला तूर्त विश्रांती देतोय.' ती विश्रांती अजून चालूच आहे. त्या संघातल्या तिच्या मैत्रिणी कुठे कुठे पांगल्या, कुणी दुकानात लागली, कुणी घरी बसली. चांगल्या खेळायच्या हो त्या. भिंगरीला अजून त्यांची आठवण येते.

मग हा दुसरा क्लब. इथं तिनं व्यावसायिक खेळाडू म्हणून सही केली. आईनं विचारलं, "व्यावसायिक म्हणजे काय गं?" भिंगरी ऐटीत म्हणाली, "म्हणजे खेळ हाच माझा धंदा." हाच धंदा होता हे खरं, पण पुरुषांच्या मॅचच्या दिवशी महिला खेळाडूंनी तिकीटखिडकीवर बसायचं, ही अट सहीच्या वर बारीक अक्षरांत होती. बसली. दुसरं काय करणार? एकदा खिडकीत एक गृहस्थ डोकावले.

"ताई, इथं बायकाही खेळतात म्हणे?"

"खेळतात."

"अस्सं? कशा खेळतात?"

"पायानं," भिंगरी म्हणाली आणि त्यांचे सुटे पैसे सरकवले.

शर्टांची कथा वेगळीच. पुरुषांचे वापरून झालेले शर्ट महिला संघाला यायचे. एका शर्टात दोन भिंगऱ्या मावल्या असत्या. आई ते आत घ्यायची आणि शिव्या घालायची. "तुमच्या क्लबात एकही माणूस बेताचा नाही का गं? सगळे काय बैल आहेत?" आत घेता घेता पाठीवरचा नऊ आकडा सरकत सरकत काखेत गेला. एका रेफरीनं तिला थांबवून विचारलं, "तुमचा नंबर कुठाय?" तिनं हात वर करून दाखवला.

आणि खड्डा? आता खड्ड्याचंच सांगते.

क्लबात येऊन तिला थोडेच दिवस झाले होते. सरावात तिनं एक फटका मारला, अगदी टुकार. पायाला नीट लागलाच नाही, बॉल जमिनीसरपट निघाला. गोलकीपर होती शिडी. शिडी म्हणजे नावाप्रमाणेच, उभी राहिली की आडव्या खांबाला डोकं लागेल की काय वाटायचं. शिडीनं सरपट बॉलसाठी खाली झेप घेतली. बॉल मात्र खड्ड्याच्या गोलकडच्या कडेवर आपटला, टुणकन उडाला आणि तिच्या डोक्यावरून जाळीत. शेडमध्ये बसलेले चारदोन लोक टाळ्या वाजवायला लागले. कोचबाई म्हणाल्या, "काय फटका मारलाय!" भिंगरीनं मान तुकवली. शिडी मात्र उठून कपडे झटकत तिच्याकडे बघत राहिली.

सराव संपल्यावर दोघी मागे थांबल्या. भिंगरीनं पुन्हा पुन्हा मारून बघितलं. अलीकडच्या कडेला लागला की बॉल मरतो, पलीकडच्या कडेला लागला की उडतो. पुढे ते तिच्या पायात इतकं बसलं की मैदानात कुठूनही तिला ती कड डोळे मिटून सापडायची. आणि शिडीला उलटं बसलं. बॉल त्या बाजूला निघाला की ती खाली झेप घेणं सोडून वर उडायची. मॅचमध्ये दुसऱ्या संघांच्या बिचाऱ्या गोलकीपर खाली पडायच्या आणि बॉल वरून जायचा. वर्तमानपत्रात छापून आलं की हिच्या घोट्यात काही विलक्षण आहे. एक तज्ज्ञ तर घोट्याचं चित्रण करायला कॅमेरा घेऊन आला. त्यानं तो दिवसभर तिच्या पायाशी लावला. शिडी शेडमध्ये तोंडात टॉवेल कोंबून हसत होती.

म्हणजे खड्ड्यानं दिलं. पण मग त्यानं घेतलंही. एका सकाळी सरावात ती मागे मागे पळत होती, पाय त्यातच पडला आणि गुडघा फिरला. त्याच आठवड्यात तिला देशाच्या संघाच्या शिबिराला जायचं होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती. बॅग तशीच राहिली, ती दवाखान्यात गेली. बरी होऊन परत खेळायला लागेपर्यंत शिबिरात दुसऱ्या, तरण्या पोरी आल्या होत्या. पुन्हा कुणी बोलावलं नाही. आई पलंगाशी बसून रडत म्हणाली, "खड्ड्यात गेला तुझा तो फुटबॉल!" आपण किती खरं बोललो हे बिचारीला माहीतच नव्हतं.

त्यानंतर भिंगरीनं खड्डा बुजवण्याचा धोशा लावला. आधी साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे क्लबाचे चिटणीस. त्यांच्या टेबलावर पुरुष संघाच्या ढाली आणि खाली पायपुसणं. ते म्हणाले, "अहो बाई, काल पुरुष खेळले, त्यांना नाही दिसला खड्डा? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!"

"साहेब, अंगण खरंच वाकडं आहे," भिंगरी म्हणाली, "आणि मी त्यावर नाचतेय. तुम्ही एकदा येऊन उभे तर राहा."

साहेब आले नाहीत. मग ती माळीकाकांकडे गेली. मैदानाची सगळी राखण काकांकडे. शेडच्या मागे त्यांची एक खोली होती, खोलीपुढे गवताचा एक छोटासा तुकडा. तिथं ते संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे आणि आपल्या गवताकडे बघत राहायचे. बायको गेल्यापासून त्यांना दुसरी सोबत नव्हती. मैदानाचं गवत ते कामाचं म्हणून कापायचे, पण हा तुकडा लाडाचा. त्यावर कुणी पाय ठेवलेला त्यांना खपायचा नाही.

"काका, खड्डा."

"बघू," काका म्हणाले.

हे 'बघू' ऐकून ऐकून तिच्या कानाला घट्टे पडले. पाऊस पडला तरी बघू, ऊन पडलं तरी बघू. साहेब माती देत नाहीत, माणूस देत नाहीत, आणि काका साहेबांशी भांडत नाहीत. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर ते खड्ड्यावर गवताचा एक पट्टा बसवायचे. दोन मॅच झाल्या की पट्टा खाली बसायचा. वरून छान हिरवंगार, खाली होतं तेच. म्हणजे आजारी माणसाला नवं धोतर नेसवल्यासारखं. भिंगरी चिडून चिडून थकायची.

आता एक सांगू का? तिच्या ओठांत एक होतं आणि पोटात एक. तोंडानं 'बुजवा, बुजवा' आणि मनात धाकधूक, की खरंच बुजवला तर? शिडीनं तिला अचूक ओळखलं होतं. "बुजवला तर खाशील काय गं?" ती म्हणायची. हे ऐकून भिंगरी जास्तच चिडायची. ज्यानं आपला गुडघा खाल्ला त्याच्याच जिवावर आपण जगतो, याचा तिला स्वतःचाच राग यायचा. आणि रविवारी पुन्हा तोच फटका, तीच कड, तोच गोल.

पुढे शिडी दुसऱ्या क्लबात गेली. तिथं म्हणे शर्ट मापाचे मिळतात.

अशी वर्षं गेली. यंदा हंगामाच्या सुरुवातीलाच भिंगरीनं सांगून टाकलं की हे माझं शेवटचं. गुडघा ऐकत नाही आणि मी त्याचं ऐकून घ्यायला तयार नाही, तेव्हा पुरे. आणि नेमकं याच वर्षी संघाचं असं दिवाळं वाजलं की विचारू नका. हरले, बरोबरीत सुटले, पुन्हा हरले. करता करता तळाला आले. शेवटची मॅच घरच्या मैदानावर. जिंकली तर वरच्या गटात राहणार, नाहीतर घसरणार.

घसरलो तर घसरलो, पुन्हा चढू, असं भिंगरी म्हणाली असती. पण साहेबांनी सगळ्यांना बोलावून, घसा खाकरून सांगितलं, "खाली गेलात तर महिला संघाला तूर्त विश्रांती द्यावी असा विचार आहे."

विश्रांती! तो शब्द भिंगरीनं पूर्वी एकदा ऐकला होता. तिनं मागे वळून बघितलं. संघातल्या पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या, कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली, कुणी नखं खातेय. त्यांना त्या शब्दाचा अर्थ अजून कळला नव्हता. तिला कळला होता. मी जातेय ते ठीक, ती मनात म्हणाली, पण माझ्यामागे दाराला कुलूप घालाल तर खबरदार.

त्या आठवडाभर तिला झोप नीट लागली नाही. एकच आधार होता. दुसऱ्या हाफमध्ये, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, शेडच्या बाजूच्या गोलवर मारायचं होतं. समोर शिडीचाच संघ होता, हे खरं, आणि शिडीला खड्डा पाठ होता. पण धावपळीत, गर्दीत, शेवटच्या घाईत एखादा बॉल त्या कडेला लागला तर शिडीचाही हात चुकू शकतो. एवढ्यावर भिंगरीची सगळी भिस्त होती.

मॅचच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचली. बॅग खाली ठेवली आणि सवयीनं आधी खड्ड्याकडे गेली. पाय टाकला.

पाय खाली गेला नाही.

पुन्हा टाकला. टाच आपटली. जमीन टणक, सपाट. वर गवताचा ताजा पट्टा, आजूबाजूच्या गवताशी अगदी बेमालूम जुळवलेला. गोलखांबाला टेकून माळीकाका उभे होते. हातपाय मातीनं माखलेले, शेजारी माती ठोकायचा धुमस आणि फावडं. चेहरा असा फुललेला, की तिनं त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

"झालं बघ," काका म्हणाले. "पार तळापर्यंत उकरला. दगड भरले, माती घातली, धुमसानं ठोकून काढली. आता हत्ती नाचला तरी बसणार नाही."

भिंगरीच्या तोंडून शब्द फुटले ते भलतेच. "आज? आजच मुहूर्त सापडला तुम्हाला? इतकी वर्षं हात मोडले होते का?"

काकांचं हसू अर्ध्यावर थांबलं. "अगं, तूच तर म्हणायचीस..."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तू," काका म्हणाले. खरंच होतं ते. "तुझी शेवटची मॅच. म्हटलं, एकदा तरी सरळ जमिनीवर खेळशील."

"घातलंत सगळं मातीत!" भिंगरी ओरडली. "जा तुम्ही. जा इथून!"

काका वळले. धुमस खांद्यावर टाकला, फावडं उचललं आणि शेडमागे निघून गेले. एकदाही मागे बघितलं नाही त्यांनी. भिंगरी त्या सपाट जागेवर उभी राहून दोन्ही पायांनी थयथय नाचली. जमीन जराही हलली नाही. अंगण सरळ झालं होतं आणि आता नाचता आलं नाही तर अंगण वाकडं म्हणायची सोय उरली नव्हती.

कोचबाईंना तिनं काही सांगितलं नाही. सांगणार काय? की बाई, माझ्या घोट्यात काही नव्हतं, जे काही होतं ते जमिनीत होतं?

मॅच सुरू झाली. पहिल्या हाफमध्ये दोन्ही बाजूंनी नुसती रेटारेटी. भिंगरीच्या पोरी जीव तोडून खेळल्या, पण गोल होईना आणि होऊही देईनात. मध्यंतरात दोन्ही संघ बाजू बदलत होते, तेव्हा शिडी तिच्याजवळून गेली. नव्या पट्ट्याकडे नजर टाकून ती डोळा मारत म्हणाली, "काकांनी यंदाही नवं धोतर नेसवलं वाटतं? मला नको हं शिकवू. मी तिथली जुनी भाडेकरू आहे."

"गप खेळ," भिंगरी खेकसली. तिचं लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात काकांची पाठ होती, शेडमागे जाणारी.

दुसऱ्या हाफमध्ये दोनदा संधी आली. पहिल्यांदा तिनं विचार करून, नीट बघून बॉल वरच्या कोपऱ्याकडे मारला. शिडीनं तो आंबा तोडावा तसा काढून घेतला. दुसऱ्यांदा अजून विचार केला आणि बॉल शेडच्या पत्र्यावर जाऊन धडकला. इतकी वर्षं पाय एकाच वाटेनं गेला होता, दुसरी वाट त्याला माहीतच नव्हती. शेडमध्ये बसलेल्या साहेबांनी घड्याळ बघितलं. भिंगरीला ते दिसलं आणि तिच्या मस्तकाची शीर उठली. पोरी दमल्या होत्या. एक तर रडत रडतच पळत होती.

आणि अगदी शेवटी शेवटी उजवीकडून एका पोरीनं बॉल आत सारला. तो दोन जणींच्या पायांतून निसटून भिंगरीच्या पुढ्यात आला. विचार करायला वेळ नव्हता. तिनं विचार केलाही नाही. पायानं केलं. पाय त्याच्या जुन्या वाटेनं गेला आणि बॉल सरपटत त्या जागेकडे निघाला, जिथं आता काही नव्हतं.

'मेले!' भिंगरी मनात ओरडली. 'तिथं नाही गं, तिथं नाही!' एवढा ढिला, एवढा सरळ बॉल. कुणीही नुसतं वाकून उचलला असता.

पण शिडी वाकली नाही. शिडी वर उडाली. दोन्ही हात पसरून, पुरती ताणून, नेमकी तिथं उडाली जिथं बॉल यायला हवा होता. बॉल आला नाही. तो खालून, सपाट जमिनीवरून, घरात दिवाणखान्यातून चालत जावं तसा निवांत निघाला, तिच्या पायांखालून गेला आणि जाळीला टेकून थांबला.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सगळ्या पोरी भिंगरीच्या अंगावर येऊन पडल्या. ढिगाखालून तिला शिडी दिसत होती. शिडी गुडघ्यांवर बसून त्या गवतावर हात फिरवत होती, चष्मा हरवल्यासारखी.

"कुठाय?" ती ओरडली. "कुठं गेला?"

"बुजवला!"

"कधी?"

"आज सकाळी!"

"मला सांगायचं नाही, भवाने?"

"मलाच कुठं कुणी सांगितलं होतं!" भिंगरी ढिगाखालून ओरडली.

शिटी झाली. संघ वरच्या गटात राहिला. साहेब शेडमधून खाली उतरले, पॅंट वर ओढत, हसत हसत. "बघा बाई," ते म्हणाले, "केलं की नाही आम्ही तुमचं अंगण सरळ?"

आम्ही! भिंगरीनं मोठ्ठा श्वास घेतला. जिभेवर आलेलं सगळं गिळलं, आणि त्यात गिळण्याजोगं बरंच होतं. "साहेब, त्या विश्रांतीचं काय?" एवढंच तिनं विचारलं.

"छे, छे! कसली विश्रांती? आता विश्रांती कशाला?" साहेब म्हणाले. भिंगरीनं जवळच्या चारपाच पोरींना हाक मारली आणि साहेबांना हेच वाक्य पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणायला लावलं.

मग ती शेडमागे गेली, लंगडत. घाईत एकच बूट पायात राहिला होता. काका खोलीच्या पायरीवर बसले होते, मैदानाकडे पाठ करून. त्यांनी मॅच बघितली नव्हती. त्यांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती, कारण ती टाकून बघत बसायला काही उरलंच नव्हतं. खोलीपुढचा तो गवताचा तुकडा गेला होता. नुसती उघडी तांबडी माती, कडा फावड्यानं सरळ कापलेल्या.

भिंगरी त्या मातीकडे बघत राहिली. साहेबांनी माती दिली नव्हती, माणूस दिला नव्हता. आणि गवत तर नाहीच नाही. ते कुठून आलं हे सकाळी आपण विचारलंसुद्धा नाही, हे तिला कळलं आणि तिला रडू फुटलं. आईच्या म्हणण्याप्रमाणे ती गुडघा फिरला तेव्हाही रडली नव्हती.

"हरलीस होय?" काका दचकून म्हणाले.

"जिंकलो. मी मारला गोल." तिनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "काका, खड्डा असता ना, तर आज गोल झाला नसता. आईशप्पथ. शिडीनं अडवला असता. तुम्ही बुजवलात म्हणून झाला."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. काकांनी जरा वेळ तिच्याकडे निरखून बघितलं, मग त्यांचं सकाळचं अर्धं राहिलेलं हसू हळूहळू पुरं झालं.

"मग मी काय म्हणत होतो?" ते म्हणाले.

तपभर तुम्ही 'बघू' सोडून एक शब्द म्हणाला नाहीत, असं भिंगरीच्या अगदी ओठांवर आलं. ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली आणि दुखरा गुडघा लांब केला. पलीकडे मैदानावर पोरी अजून नाचत होत्या, तीच सपाट जागा तुडवत.

"इथं पुन्हा गवत लावायला हवं," ती मातीकडे बोट दाखवत म्हणाली. "मी आणते. पण तुम्ही मला लावायला शिकवा."

"तू कधी येणार? तू तर चाललीस ना? शेवटचं म्हणाली होतीस."

भिंगरीनं मैदानाकडे बघितलं. शेडच्या बाजूला, सरळ जमिनीवर मारलेला तिचा तो पहिलाच गोल होता.

"बघू," ती म्हणाली.

"बघू म्हणजे काय गं?" काका एकदम उखडले. "हो तरी म्हण, नाहीतर नाही तरी म्हण! हे बघू, बघू काय लावलंय? माणसानं ताटकळत बसायचं किती?"